जंतुनाशकाचा वास घेऊ नका, वेळ मोजा

घरात कुणाला उलट्या-जुलाब लागले किंवा तापाची साथ शिरली, की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. बादलीत अंदाजाने फिनाईल ओतलं जातं, लादी पुसली जाते, घरभर वास सुटतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. वास आला म्हणजे काम झालं, ही समजूत इतकी पक्की आहे की बिनवासाचं औषध आपण दुकानातून उचलतच नाही. प्रत्यक्षात विषाणू मरायला तीन गोष्टी लागतात: त्या विषाणूला लागू पडणारं रसायन, त्याचं नेमकं प्रमाण, आणि पृष्ठभाग त्या रसायनाने ओला राहील इतका वेळ. यातली तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच पाळत नाही. पुसलं, पंखा लावला, दोन मिनिटांत लादी कोरडी. एवढ्या वेळात वासाचं काम होतं, औषधाचं होत नाही.

पहिल्यांदाच स्वतंत्र घर चालवणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. खोली करून राहणारी मुलं-मुली, नवा संसार, तान्हं बाळ असलेलं घर, किंवा आजारी आई-वडिलांची शुश्रूषा करणारे. दवाखान्यांचे नियम वेगळे आणि कडक असतात, ते इथे नाहीत.

आधी शत्रू ओळखा

विषाणूंचे या कामापुरते दोनच प्रकार लक्षात ठेवले तरी पुरतं. काही विषाणूंवर चरबीचं पातळ आवरण असतं. फ्लू, करोना, गोवर, कांजिण्या, लहान मुलांच्या छातीत कफ करणारा आरएसव्ही, हे सगळे या गटातले. ते आवरण फाटलं की विषाणू निकामी, आणि ते फाडायला साधा साबणही पुरतो. म्हणजे घरात फ्लूचा रुग्ण असेल तर दाराची मूठ साबणाच्या पाण्याने नीट पुसणं हे निम्म्याहून जास्त काम आहे.

दुसरा गट आवरण नसलेल्यांचा. एकाएकी उलट्या-जुलाब सुरू करणारा नोरोव्हायरस, बाळांना जुलाब करणारा रोटाव्हायरस, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए, पाळणाघरात पसरणारा हात-पाय-तोंडाचा आजार, आणि डोळे येण्याची साथ आणणारे अ‍ॅडिनो आणि एन्टेरो विषाणू. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हा लोकांच्या खिशात सॅनिटायझरच्या बाटल्या होत्या. या गटातल्या बऱ्याच विषाणूंवर मात्र सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. त्यातही नोरोव्हायरस चिवट. अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो आणि कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक दिवस टिकतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: आजार श्वासाचा आहे की पोटाचा? श्वासाचा असेल तर साबण आणि साधं जंतुनाशक चालेल. पोटाचा असेल तर क्लोरीन हवं, म्हणजे ब्लीच.

बाटलीमागची बारीक अक्षरं

दुकानातल्या फळीवर रंगीत बाटल्यांची रांग असते, पण आत मोजकीच रसायनं असतात. पुढची जाहिरात सोडून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा.

पांढरं फिनाईल मुख्यतः पाईन तेलाचं असतं. स्वच्छतेला बरं, वासाला छान, विषाणूंसाठी त्यावर अवलंबून राहू नये. काळं फिनाईल डांबरापासून निघालेल्या फिनॉल गटातल्या रसायनांचं असतं. ते जास्त कडक, पण त्वचेला त्रासदायक आणि मांजरांना विषारी. घरात मांजर असेल तर ते आणूच नका, कारण मांजर लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं.

डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल असतं, सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडिन आणि सेट्रिमाईड. ही मुळात जखम धुण्याची औषधं. बादलीभर पाण्यात झाकणभर डेटॉल टाकून लादी पुसली तर घराला दवाखान्याचा वास येतो, नोरोव्हायरसला फारसा फरक पडत नाही.

लायझॉलसारख्या लादीच्या द्रवांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. आवरणवाल्या विषाणूंवर ते चालतं. मात्र अशा बाटल्यांवर बहुधा दोन वेगवेगळ्या सूचना असतात: रोजच्या पुसण्यासाठी बादलीत एवढी झाकणं, आणि जंतू मारायचे असतील तर पाणी न घालता किंवा फार कमी पाण्यात वापरून अमुक मिनिटं तसंच ठेवा. आपण पहिली सूचना पाळतो आणि दुसऱ्या सूचनेचा फायदा मिळाला असं समजतो. ९९.९ टक्के जंतू मारल्याचा दावाही कोणत्या जंतूंबद्दल आणि किती वेळाने, हे तिथेच लिहिलेलं असतं. शिवाय दहा लाखांतले ९९.९ टक्के गेले तरी एक हजार उरतात, आणि नोरोव्हायरसला तेवढे खूप झाले.

हार्पिकसारखे संडासाचे द्रव म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. भांड्याच्या आत वापरा, बाहेर कुठेही नको. शहाबादी फरशी, कडाप्प्याचा ओटा आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आम्ल पडलं की तिथे खरखरीत पांढरा डाग कायमचा राहतो.

स्पिरिट किंवा अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपासचं घ्यावं. ९९ टक्के जास्त जोरदार असेल असं वाटतं, पण प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. मोबाईल, चष्मा, थर्मामीटर, चाव्या अशा छोट्या वस्तूंसाठी ते उत्तम. लादीवर ओतायची ही वस्तू नव्हे. गॅस पेटलेला असताना किंवा देवघरात निरांजन चालू असताना तर ते हातातही घेऊ नये.

व्हिनेगर, लिंबू, खाण्याचा सोडा, तुरटी, कडुनिंबाचं पाणी यांपैकी काहीही या कामाचं नाही. डाग काढायला, वास घालवायला खुशाल वापरा. गोमूत्र शिंपडण्यामागे ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालायची ही जागा नाही, पण त्याच दिवशी त्याच लादीवर क्लोरीन वापरणार असाल तर थांबा. का, ते पुढे येईल.

राहिलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. सफाईचं काम करणारे त्याला नुसतं 'हायपो' म्हणतात. रिन आलासारख्या पांढऱ्या कपड्यांच्या ब्लीचमध्ये हेच असतं. गावाकडे हायपो मिळत नसेल तर टीसीएल पावडर मिळते, तीच ब्लीचिंग पावडर, जी ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टाकते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूती विभागात हात धुवायला लावले ते याच जातीच्या, क्लोरीन असलेल्या चुन्याच्या पाण्याने. स्वस्त, जुनं, आणि दोन्ही गटांतल्या विषाणूंवर चालणारं. घरात एकच जंतुनाशक ठेवायचं असेल तर मी हायपोची एक लहान बाटली ठेवीन.

माप कसं काढायचं

दोनच द्रावणं लक्षात ठेवा. एक सौम्य, ०.१ टक्क्याचं: दाराच्या मुठी, नळ, कमोडची सीट, लादी यांसाठी. दुसरं कडक, ०.५ टक्क्याचं: उलटी, जुलाब किंवा रक्त जिथे सांडलं त्या जागेसाठी. २०२० साली आपल्याकडच्या सरकारी सूचनांमध्ये १ टक्का द्रावण होतं, त्यामुळे तो आकडा अनेकांच्या डोक्यात बसला आहे. त्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेने साध्या पृष्ठभागांसाठी ०.१ आणि रक्त किंवा मळ सांडलेल्या जागी ०.५ टक्का सांगितलं होतं. दहा-बारा फुटी खोलीत १ टक्क्याने पुसायला घेतलं तर डोळे चुरचुरतात आणि खोकला लागतो. घरगुती कामाला त्याची गरज नाही.

हिशेब सोपा आहे. हवे असलेले टक्के गुणिले एकूण मिलीलीटर, भागिले बाटलीवरचे टक्के. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल आणि एक लीटर सौम्य द्रावण हवं असेल, तर ०.१ गुणिले १००० भागिले ४, म्हणजे २५ मिलीलीटर. तेवढं हायपो घ्या आणि बाकी पाणी घालून लीटर पुरं करा. कडक द्रावणासाठी १२५ मिलीलीटर. बाटली ५ टक्क्यांची असेल तर २० आणि १००. घाऊक दुकानात १० टक्क्यांचं हायपो मिळतं, त्याचे १० आणि ५०. बाटलीवर टक्केवारीच नसेल तर ती बाटली घेऊ नका.

मोजायला खोकल्याच्या औषधाचं जुनं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज चालते. एकदा यासाठी वापरली की त्यावर रंगाची खूण करा आणि औषधांच्या डब्यात परत ठेवू नका. 'थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं' हा विचार इथे महागात पडतो. जास्त क्लोरीनने विषाणू जास्त मरत नाही, श्वासाला त्रास मात्र होतो आणि नळाची चमक जाते.

टीसीएल पावडर असेल तर वजन लागतं. ताज्या, चांगल्या पावडरमध्ये साधारण ३३ ते ३४ टक्के क्लोरीन असतं. सौम्य द्रावणाला एका लीटरला ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. कडक द्रावणाला १५ ग्रॅम. पावडर थेट बादलीत टाकू नका. प्लास्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, मग उरलेलं पाणी घाला, पंधरा मिनिटं स्थिर राहू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं वापरा. तळाशी चुना बसतो, तो लादीवर गेला तर पांढरे ओरखडे उठतात. पावडरचं पाकीट उघडं राहिलं किंवा ओल लागली की क्लोरीन उडून जातं. ग्रामपंचायतींच्या टीसीएलचे नमुने प्रयोगशाळेत जातात तेव्हा २० टक्क्यांच्या खाली आलेली पावडर अयोग्य ठरवतात. पावडरचे गोळे झाले असतील आणि उग्र वास उरला नसेल तर ती टाकून द्या.

आणखी तीन गोष्टी. पाणी थंडच घ्या, गरम पाण्याने क्लोरीन लवकर उडतं आणि वाफ नाकात जाते. भांडं प्लास्टिकचंच घ्या. आणि तयार द्रावण त्याच दिवशी संपवा. मूळ बाटलीसुद्धा उन्हात किंवा गॅसच्या शेजारी ठेवली तर महिन्यागणिक कमजोर होत जाते, म्हणून घेताना उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी.

उलटी झाली आहे, आता काय?

हा सगळ्यात अवघड प्रसंग, आणि घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. क्रमाने करा.

१. मुलांना आणि बघ्यांना खोलीबाहेर काढा. खिडक्या उघडा, पण पंखा बंद करा. उलटीबरोबर बारीक तुषार उडतात, पंख्याने ते खोलीभर होतात.

२. रबरी हातमोजे घाला, मास्क लावा. हातमोजे नसतील तर हाताला न फाटणारी प्लास्टिकची पिशवी बांधा. अंगावर जुने कपडे हवेत, कारण हायपोचा एक थेंब रंग उडवतो.

३. उलटीवर जुनी वर्तमानपत्रं किंवा टाकाऊ कापड टाका, शोषू द्या, मग बाहेरून आत गोळा करत पिशवीत भरा. झाडू लावू नका. पाणी ओतून मोरीकडे ढकलू नका, त्याने वीतभर जागेचं काम वावभर होतं.

४. आता साबणाच्या पाण्याने ती जागा पुसा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. क्लोरीन समोर दिसेल त्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होतं. अन्नाचे कण, कफ, तेलकटपणा शिल्लक असेल तर औषध त्यांच्याशीच झटापट करून संपतं आणि विषाणूपर्यंत पोचत नाही.

५. साबण साध्या पाण्याने काढा. मग कडक द्रावण ओता किंवा भिजलेल्या फडक्याने भरपूर लावा. दिसणाऱ्या डागाच्या भोवती हातभर जागा जास्तीची घ्या, भिंतीचा खालचा भाग आणि पलंगाचा पायही त्यात आला.

६. घड्याळ बघा. दहा मिनिटं. मध्येच कोरडं पडायला लागलं तर पुन्हा ओलं करा. हा वेळ खोलीच्या बाहेर काढा.

७. साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. फडकी पिशवीत टाकून तोंड बांधा. हातमोजे आतली बाजू बाहेर करत काढा आणि हात साबणाने वीस सेकंद धुवा. इथे सॅनिटायझर चालणार नाही.

यानंतर संडास-बाथरूम. कमोडची सीट, फ्लशचं बटण, जेट स्प्रेचा दांडा, नळाची मूठ, दाराची कडी आणि दिव्याचं बटण ही माणूस हात धुण्याआधी ज्यांना शिवतो ती ठिकाणं. लादी चार वेळा पुसण्यापेक्षा या सहा जागा दिवसातून दोनदा पुसणं जास्त उपयोगाचं. लादीला कोण हात लावतं? रांगणारं बाळ असेल तर गोष्ट वेगळी. फ्लश करताना झाकण लावा. आजारी माणसासाठी दुसरा संडास असेल तर उत्तम, बहुतेक घरांत नसतोच, तेव्हा त्यानंतर जाणाऱ्याने आधी पुसून घ्यावं. बरं वाटू लागल्यावरही निदान दोन दिवस त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये. विषाणू त्यानंतरही बरेच दिवस शौचातून बाहेर पडत राहतो, म्हणून संडासाची ही शिस्त लगेच सोडू नका.

जे कधीच एकत्र करायचं नाही

हायपो आणि संडासाचं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सोडला तोच हा वायू. आपल्याकडच्या बाथरूमची खिडकी एक फूट लांब असते आणि दार आतून लावून घासायची सवय असते, म्हणून ही ओळ ठळक अक्षरांत लिहून बाथरूमच्या दारावर चिकटवली तरी चालेल. आधी अ‍ॅसिडने कमोड घासलं असेल तर दोनतीनदा फ्लश करा, भरपूर पाणी टाका, आणि हायपो दुसऱ्या दिवशी वापरा. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा आम्लच आहे, तिथेही हाच धोका.

हायपो आणि अमोनिया मिळून क्लोरामाईन वायू तयार होतात, तेही फुप्फुसांना घातक. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. लघवीतही तो तयार होत असतो, म्हणून बाळाच्या लघवीवर, कुत्र्याने घाण केलेल्या जागेवर किंवा गोमूत्र शिंपडलेल्या लादीवर थेट हायपो ओतायचं नाही. आधी पाण्याने धुवा. स्पिरिट, डेटॉल, फिनाईल यांतही हायपो मिसळू नका. दोन औषधं एकत्र केली की दुप्पट काम होतं, हा हिशेब रसायनांना लागू नाही. फक्त पाणी, बाकी काही नाही.

आणि हे सगळं ज्या मावशी लादी पुसतात त्यांना सांगितलंय का? बाटल्यांवरचा मजकूर इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि दोन घरांत दोन वेगळी औषधं. धोका त्यांच्या वाट्याला आपल्यापेक्षा जास्त येतो. हातमोजे आपण आणून द्यावेत, माप आपण करून द्यावं, आणि घरात पोटाची साथ असेल तर ती लपवू नये. त्या इथून आणखी तीन घरी जाणार असतात.

कुठे काय चालतं

व्हिट्रिफाईड टाईल, सिरॅमिक, प्लास्टिक, फॉर्मायका यांवर सौम्य हायपो बिनधास्त चालतं. स्टीलचं सिंक आणि नळ दहा मिनिटांनंतर धुवून टाका, नाहीतर बारीक खड्डे पडतात. तांब्या-पितळेला क्लोरीन लावू नका, काळं पडेल. संगमरवर आणि पॉलिश केलेली फरशी वारंवार हायपोने पुसली तर चमक जाते. अडीअडचणीला एकदा वापरलं आणि लगेच धुतलं तर चालून जातं.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर हायपो म्हणजे पैसे मातीत. शेणात आणि मातीत सेंद्रिय पदार्थ भरपूर, क्लोरीन क्षणात संपतं. तिथे घाण झालेला वरचा थर खरवडून काढायचा, घरापासून आणि पाण्यापासून दूर खड्ड्यात पुरायचा, आणि जागा वाळल्यावर पुन्हा सारवायची.

लाकूड रंगीत असेल तर साबणाचं ओलं फडकं. मोबाईल, रिमोट, लॅपटॉप यांना ७० टक्के अल्कोहोल, तेही फडक्यावर घेऊन. स्विचबोर्डवर कधीच फवारायचं नाही, फडकं ओलसर करून पुसायचं, शक्य असेल तर मेन बंद करून.

बाळाची दुधाची बाटली, वाटी-चमचा, दात येताना चघळायची खेळणी यांना हायपो कशाला? धुवा आणि काही मिनिटं खळखळ उकळा. जी वस्तू उकळता येते तिच्यासाठी जंतुनाशक शोधत बसू नये. उकळता न येणारं प्लास्टिकचं खेळणं सौम्य द्रावणात दहा मिनिटं बुडवून मग खूप पाण्याने धुवायचं, कारण ते पुन्हा तोंडात जाणार आहे.

आजाऱ्याचे कपडे झटकू नका. मळ निघेल तेवढा आधी काढा, मग निरम्यात गरम पाण्याने धुवा. मशीनला ६० अंशांचं चक्र असेल तर तेच निवडा. पांढरी सुती चादर असेल तर ०.०५ टक्का क्लोरीनच्या पाण्यात अर्धा तास भिजवता येते, म्हणजे आपलं सौम्य द्रावण आणि तेवढंच पाणी. गादी आणि गोधडीचं काय? गोधडी गरम पाण्यात भिजवून धुता येते. गादीवर डाग पडला तर साबणाने तेवढा भाग घासून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवणं एवढंच हाती असतं. ऊन मदत करतं, पण किती तासांनी काम झालं हे गादीच्या जाडीवर आणि उन्हावर अवलंबून असतं, म्हणून त्यावर हायपोइतका विश्वास टाकू नका. घरात दीर्घ आजारी कोणी असेल तर गादीला रेक्झिनचं कव्हर आधीच घालून ठेवा.

फवारा ठेवून द्या

२०२० च्या मार्च महिन्यात उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. सोसायट्यांच्या फाटकांवर 'सॅनिटायझेशन टनेल' उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितलं की माणसांवर रसायन फवारणं अपायकारक आहे आणि त्याने विषाणू जात नाही. तरी सवय उरली. अजूनही साथ आली की कुणीतरी पाठीवरचा फवारणी पंप काढतो.

घरातही फवारणी टाळाच. थेंब सगळीकडे सारखे पडत नाहीत, पृष्ठभाग पुरेसा ओला होत नाही, आणि उडालेलं औषध आपल्याच नाकात जातं. दम्याचा रुग्ण घरात असेल तर हा त्रास लगेच दिसतो. फडक्याने पुसण्यात घासण्याचं काम होतं, ते फवाऱ्याने होत नाही.

रोजच्या रोज जंतुनाशक लावायचीही गरज नाही. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात करोनाचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत सापडला होता, पुठ्ठ्यावर एक दिवस, तांब्यावर चार तास. त्या आकड्यांनी सगळे घाबरले आणि आपण दुधाच्या पिशव्या आणि भाजी साबणाने धुतली. पुढे वर्षभरात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की करोना पृष्ठभागावरून लागण्याची शक्यता प्रत्येक स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. श्वासाच्या आजारात खिडकी उघडणं फडक्यापेक्षा मोठं काम करतं. घरात कुणी आजारी नसेल तर साबण-पाणी पुरे. हायपो काढायचं ते आजारपणात, आणि आजारपण संपल्यावर काही दिवस.

बाटली कुठे ठेवाल

दारावर हातगाडीवर फिनाईल-अ‍ॅसिड विकायला येणारे पाण्याच्या जुन्या बाटल्यांत माल देतात. स्वस्त पडतं, पण आत काय आणि किती, कुणालाच माहीत नाही. शिवाय पाण्याची बाटली दिसली की मूल ती तोंडाला लावतं. घरी केलेलं द्रावणही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधी भरू नका. भरावंच लागलं तर वेगळ्या आकाराचा डबा घ्या आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'हायपो, पिऊ नये' आणि तारीख लिहा. ठेवायची जागा उंच, अंधारी, थंड आणि अ‍ॅसिडच्या बाटलीपासून लांब. सिंकखालचं कपाट सोयीचं असतं, पण रांगणाऱ्या मुलाच्या नेमक्या उंचीवर असतं.

हायपो डोळ्यांत उडालं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि मग डॉक्टरकडे जा. त्वचेवर पडलं तर कपडे काढून भरपूर पाणी. चुकून रसायनं एकत्र होऊन घसा जळायला लागला तर ती बादली उचलायला थांबू नका, सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या. कुणी प्यायलं असेल तर उलटी करवू नका. जाताना जेवढं पोळलं, तेवढंच येताना पुन्हा पोळतं. मीठ-पाणी, लिंबू, अंड्याचा पांढरा बलक असले उपाय नकोत. तोंड धुऊन, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. तो विनाशुल्क आहे आणि रात्रीही लागतो. श्वास लागत असेल, माणूस बेशुद्ध होत असेल तर आधी १०८.